वेळापत्रकाआधी नोंद हवी

आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाचे तासवार वेळापत्रक लिहून ठेवावे, हा वेळेच्या नियोजनाबाबत दिला जाणारा सल्ला मला पटतो. मात्र लवकर उठून पहाटे पाचपासूनचा प्रत्येक तास भरून टाकावा, हा त्याच्या जोडीला दिला जाणारा सल्ला पटत नाही. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ हमखास कमी धरतो, आणि त्याचा आळसाशी फारसा संबंध नसतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. त्यांचे म्हणणे असे की, काम कसे पार पडेल याची कल्पना करत बसण्याऐवजी तशीच कामे पूर्वी किती वेळात झाली, ते आधी पाहावे.

आमच्या परभणी भागात तर हे फारच गरजेचे आहे. शेतीपंपांची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते; रात्रपाळीच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी देऊन पहाटे घरी परतलेल्या माणसाला लवकर उठण्याचा सल्ला काय कामाचा? म्हणून मी वहीत आधी विजेची आणि नळाच्या पाण्याची वेळ लिहितो, आणि मगच कामांपुढे दोन रकाने आखतो : एक अंदाजाचा, दुसरा प्रत्यक्ष लागलेल्या वेळेचा. तालुक्याला जाऊन पीककर्जाचे कागद करण्यापुढे पहिल्या रकान्यात ‘एक तास’ आणि शेजारी ‘दुपार उलटली’ अशी नोंद वारंवार दिसू लागल्यापासून त्या दिवशी दुसरे मोठे काम मी धरतच नाही. मुलांच्या अभ्यासाची संध्याकाळची वेळ मात्र कोणत्याही पाळीत हलवत नाही.