११ मार्च २०११ : तेव्हा तुम्ही बातम्या कुठून बघत होतात?

अबोली
आज, ३० जुलै २०२५, सकाळी उठून मोबाईल बघितला तर रशियातल्या कामचात्काला ८.८ चा भूकंप आणि जपानच्या जवळजवळ सगळ्या पूर्व किनाऱ्याला त्सुनामीचा इशारा. लगेच एनएचके, जपानची सार्वजनिक वाहिनी, लावली. निवेदिका अक्षरशः ओरडत होती, आत्ताच्या आत्ता उंचावर जा, मागे फिरू नका. हे ओरडणं २०११ नंतर आलं. २०११ ला शांत, मोजक्या आवाजात सगळं सांगत होते, पुढे त्यांनी ठरवून पद्धत बदलली. कामाला लागले खरी, पण डोक्यात ११ मार्चच फिरतोय.

मी तेव्हा टोकियोत होते. शुक्रवार, दुपारचे २:४६. भूकंपाची सवय झालेली, म्हणून आधी कोणी खुर्चीतून उठलंही नाही. पण हा थांबेचना. समोरच्या उंच इमारती डुलताना दिसत होत्या. जपानी सहकारी टेबलाखाली गेले तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

थांबल्यावर सगळे मीटिंग रूममधल्या टीव्हीपाशी. त्सुनामीचा पहिला इशारा ईशान्य किनाऱ्यावरच्या मियागी प्रांताला ६ मीटर, इवातेला ३ मीटर. मग आकडे वाढत गेले, १० मीटरच्या वर गेले. आणि मग हेलिकॉप्टरमधून सेंदाई शहराजवळच्या नातोरीचं ते दृश्य. काळं पाणी शेतांवरून, हरितगृहांवरून सरकतंय, आणि पुढच्या रस्त्यावर गाड्या चाललेल्या. त्या गाड्यांतल्या लोकांना पाणी दिसत नव्हतं. आम्हाला दिसत होतं, शेकडो किलोमीटर लांब बसून. खोलीत एक बाई 'हायाकु, हायाकु' म्हणजे 'लवकर, लवकर' म्हणत होती, त्या गाड्यांना.

नवरा योकोहामाला, फोन बंद, ट्रेन बंद. निशी-कासाईला चालत घरी गेले, हजारो लोकांबरोबर. चपलांच्या दुकानांत बायका हिल्स काढून कॅनव्हासचे बूट घेत होत्या. नवऱ्याची खुशाली मला कळली कुठून? साताऱ्याहून. त्याचा ईमेल सासऱ्यांना पोचला, त्यांनी मला ईमेल केला.

तुमच्याही आठवणी लिहा. जपानातच असायला हवं असं काही नाही.

वऱ्हाडी ठेचा
वाचताना काटा आला. आमची ताई तेव्हा सेंदाईत, तोहोकू विद्यापीठात. आम्ही नागपूरला. आमच्याकडे दुपार झाली होती, आई स्वयंपाकघरात, बाबांनी टीव्ही लावला आणि काही बोललेच नाहीत. सगळ्या वाहिन्यांवर सेंदाई विमानतळ. धावपट्टीवर पाणी, त्यात गाड्या, लाकडं, सगळं. तेच दृश्य पुन्हा पुन्हा. आई एकच विचारत होती, हिचं घर विमानतळापासून किती लांब? कोणालाच माहीत नाही. दादाने नकाशा उघडला तेव्हा कळलं की विद्यापीठ डोंगराच्या बाजूला आहे, समुद्रापासून बरंच आत. आईचा विश्वास बसला नाही. नकाशापेक्षा टीव्ही खरा.

गूगलने माणसं शोधायची सोय केली होती, त्यात तिचं नाव टाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी जामठ्याला भारत-दक्षिण आफ्रिका. विश्वचषकाची तिकिटं किती मारामारी करून मिळवलेली! बाबांनी ती शेजारच्या काकांना देऊन टाकली.

तिचा फोन आला रविवारी. सार्वजनिक फोनवरून, मागे मोठी रांग. 'मी बरी आहे, वीज नाही, बर्फ पडतोय, आईला सांग.' आणि मग विचारते, विमानतळाला काही झालंय का गं? आम्ही जे शंभर वेळा बघितलं ते तिने एकदाही बघितलं नव्हतं. तिच्याकडे फक्त रेडिओ.

मिडविकेट
जामठा!! सचिनचं ९९ वं शतक. १ बाद २६७ वरून सगळे २९६. अजून दुखतं.

वऱ्हाडी ठेचा
काकांनीही परत येऊन हेच ऐकवलं. आमच्या घरात कोणालाच पत्ता नव्हता सामना कोणी जिंकला.

टिवल्याबावल्या
धागा चालला जामठ्याला 😀

खाडीकाठचा
आमच्याकडे ही बातमी वेगळ्याच वाटेने आली. राजापूर तालुका. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध माडबन, साखरी नाटे ही गावं आधीच पेटलेली. १२ तारखेला फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या पहिल्या अणुभट्टीची इमारत उडाली, तो पांढरा लोट टीव्हीवर आला. मग १४ ला तिसरी. आमच्याकडे म्हातारी माणसं संध्याकाळी टीव्हीसमोर येऊन बसायची, आणि कोणी काही समजावून सांगायची गरज पडत नव्हती. समोर समुद्र, सड्यावर प्रकल्पाची जागा. १८ एप्रिलला साखरी नाट्यात गोळीबार झाला, एक जण गेला. इथे फुकुशिमा म्हटलं की मला आधी तो एप्रिल आठवतो. जास्त लिहीत नाही, वाद होईल.

बॉयलरवाला
@खाडीकाठचा वाद नाही घालत, फक्त भर. मी तेव्हा याच क्षेत्रात होतो. तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या, अमेरिकन बनावटीच्या, फुकुशिमाच्याच कुळातल्या. त्यामुळे आम्ही बातम्या बघत नव्हतो, वाचून काढत होतो. भूकंप झाल्यावर भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. बाहेरची वीज गेली तेव्हा डिझेल जनरेटर सुरूही झाले. पण बरेचसे तळघरात. लाट आली, ते बुडाले. भट्टी बंद केली तरी इंधनाची उष्णता उरतेच, ती काढायला पाणी फिरतं ठेवावं लागतं. पाणी आटलं, तापलेल्या इंधननळ्यांवर वाफेची प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला, वर साठला आणि इमारतीचं छप्पर घेऊन गेला. इकडे आमच्या वाहिन्यांवर हिरोशिमाची जुनी दृश्यं लावून ठेवलेली. आईने फोन करून विचारलं, तुझ्याकडे पण असा ढग उठेल का. तिला अर्धा तास हायड्रोजन समजावला. शेवटी म्हणाली, ते असू दे, जनरेटर वर उचलून ठेवा म्हणावं.

टिवल्याबावल्या
काकूंना समितीवर घ्यायला हवं होतं.

साकुराताई
अबोली, मी उरायासूला होते तेव्हा! तुझ्यापासून दोन स्टेशनं. आमच्याकडे इमारतीला काही नाही, पण भराव टाकलेली जमीन, रस्त्यातून राखाडी चिखल वर आला. मॅनहोल जमिनीतून वर निघालेली. पाणी बंद, संडास बंद. लेक दोन वर्षांचा.

टीव्हीवर जाहिराती पार बंद झाल्या आणि त्या जागी त्या एसी जपान या संस्थेच्या लोकहिताच्या कार्टूनवाल्या, 'नमस्कार म्हणा, मित्र वाढतील' छापाच्या. दिवसरात्र त्याच. लेकाला पाठ झाल्या. धक्का बसला की तो गाणं म्हणायचा. आणि ते निळ्या डगल्यातले एदानो! सरकारचे प्रवक्ते, कधीही टीव्ही लावा, हजर. लोक ट्विटरवर लिहायचे, एदानो, झोपा आता.

अबोली
अगं हो!! एदानो झोपा 😂 विसरलेच होते. उरायासूत कुठे होतीस? ते भारतीय किराणा दुकान आठवतं का निशी-कासाईचं, जिथे तूरडाळीसाठी रविवारी रांग लागायची?

साकुराताई
त्याच रांगेत भेटलो असू गं आपण. त्या शनिवारी तिथे कणीकसुद्धा संपलेली.

लोडशेडिंग
टोकियोच्या आसपास ठरवून वीज घालवायला सुरुवात केली, भागांचे गट, वेळापत्रक छापलेलं. जपानी शेजारी हवालदिल. म्हटलं बाई, मी जळगावची, मला बारा तासांचं भारनियमन पाठ आहे. मेणबत्ती कुठे ठेवायची, फ्रिज किती वेळ उघडायचा नाही, सगळं शिकवलं. आयुष्यात एकदाच महावितरणचा उपयोग झाला.

औशाचा माणूस
तुमच्याकडे निदान बघायला काही होतं. किल्लारी झाली ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३:५६. विसर्जन उरकून लोक झोपलेले. दगडमातीची घरं, जाड भिंती, सगळं अंगावर आलं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. आम्हाला धक्का कळला, पण नेमकं कुठे झालं ते उजाडेपर्यंत माहीत नाही. सकाळी रेडिओवर. त्याच्याही आधी रस्त्याने येणाऱ्या ट्रकवाल्यांनी सांगितलं. वडील भाकरी बांधून गेले ते चार दिवसांनी परत आले. काय बघितलं ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. म्हणून २०११ ला सगळे टीव्हीला चिकटलेले, मी बंद करून टाकला. बायको म्हणाली, काय माणूस आहेस. असो.

वऱ्हाडी ठेचा
🙏

खाकी
कोणी लिहिलं नाही म्हणून. आपल्या एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) ४६ जणांची तुकडी गेली होती मियागीतल्या ओनागावाला, मार्चच्या शेवटी. त्यांची देशाबाहेरची पहिली मोहीम. कडाक्याची थंडी, ढिगारा उपसायचं काम. इकडे दोन ओळींची बातमी आली.

औशाचा माणूस
@खाकी हे माहीत नव्हतं. आभार.

मिडविकेट
मगाशी मस्करी केली, राग मानू नका. वाचत गेलो तसं वाटलं की मी त्या शनिवारी जामठ्यालाच होतो आणि जपानचा विचारसुद्धा डोक्यात आला नाही. @वऱ्हाडी ठेचा, ताई आता कुठे असतात?

वऱ्हाडी ठेचा
राग कसला. सेंदाईतच आहे, तिकडेच लग्न केलं. सकाळपासून आईने सात मेसेज टाकलेत, बाईसाहेब मीटिंगमध्ये आहेत.

चिबाकर
मी आत्ता चिबात. मुलांना उन्हाळ्याची सुट्टी, आज समुद्रावर न्यायचं ठरलेलं, ते रद्द. किनाऱ्याकडचे भोंगे सकाळपासून वाजतायत, ट्रेन बंद. इवातेतल्या कुजीला १.३ मीटरची लाट आली म्हणतात. फुकुशिमाच्या कामगारांनाही वर हलवलं. आम्ही आत राहतो, काही नाही, काळजी नको.

फक्त सासूबाईंनी फॅमिली ग्रुपवर 'आत्ताचा व्हिडिओ' म्हणून जो टाकलाय तो नातोरीचाच आहे, २०११ चा. मामा, आत्या, सगळ्यांनी हात जोडलेत खाली. मी लिहिलं की हा जुना आहे, तर मामा म्हणतात तू तिथे आहेस, तुला काय दिसणार, टीव्ही लाव.