कंपनीच्या खर्चाने हेवी (अवजड गाडी) शिकून ट्रकवर बसलेल्यांनो, अनुभव सांगा

माझा भाचा २१ वर्षांचा, घणसोलीला राहतो. बारावीनंतर गोदामात कामाला लागला, कारचं लायसन्स काढून वर्ष उलटलंय आणि आता त्याला ट्रेलर चालवायचाय. कळंबोलीच्या एका वाहतूक कंपनीने त्याला सांगितलंय की हेवी लायसन्सचा आणि ट्रेनिंगचा खर्च आमचा, शिकताना दरमहा थोडे पैसेही देऊ, पण नंतर दोन वर्षं आमच्याकडेच गाडी चालवायची. मधेच सोडलं तर खर्च भरून द्यायचा. बहिणीला त्या कागदाची धास्ती वाटते. मला वाटतं, नीट पारखून घेतलं तर नवख्या पोरासाठी हाच रस्ता बरा.

नियम मी पाहून ठेवलेत. मालवाहू गाडीच्या लर्निंगसाठी वय २० पूर्ण लागतं आणि हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. भाचा या सगळ्यात बसतो. म्हणून इथे नियमांपेक्षा अनुभव हवेत. कंपनीने खरंच शिकवलं का? त्या काळात घर कसं चाललं? कराराचा त्रास झाला का? स्वतःच्या पैशाने शिकलेल्यांनीही लिहा.

उरणकर

मी कंपनीकडूनच शिकलो. आज न्हावा शेवा बंदरात चाळीस फुटी कंटेनर ओढतो. तुमच्या भाच्याला पहिली गोष्ट सांगा: लायसन्स मिळणं आणि ट्रेलर येणं यात फार अंतर आहे. आरटीओच्या टेस्टला साधा ट्रक चालवून पास होता येतं. ट्रेलर रिव्हर्स घेताना मागचा भाग डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे कापावं लागतं, आणि मग लगेच उलट फिरवून घोडा, म्हणजे पुढचा इंजिनवाला भाग, त्याच्या मागे आणावा लागतो. सांगायला एक वाक्य, पण हाताला बसायला कित्येक आठवडे जातात. कंपनीने आम्हाला रिकाम्या यार्डात ड्रम लावून हेच करायला लावलं. गाडी तिरकी झाली की उस्ताद ओरडायचा नाही, खाली उतरवून मागे उभं करायचा आणि म्हणायचा, आता बघ तुझी चाकं कुठे आहेत.

मग त्याच उस्तादाच्या शेजारी बसून लाईनवर, म्हणजे खऱ्या फेऱ्यांवर. कंटेनर घेताना नंबर आणि सील कागदाशी ताडून बघायचं, चारही कोपऱ्यांचे लॉक स्वतः हात लावून तपासायचे, दुसऱ्याने सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही. एक्सपोर्टचा माल आत न्यायला फॉर्म १३ लागतो. कागदात नंबर चुकला तर गेटवरून मागे फिरावं लागतं आणि पूर्ण दिवस जातो. हे कुठल्या मोटार स्कूलमध्ये शिकवणार?

आणि घाट. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली की ब्रेकचे लायनर तापतात आणि पकड जाते. पुन्हा पुन्हा पेडल दाबलं की हवेचं प्रेशरही उतरतं. शिवाय डिझेल वाचतं हा समज नव्या इंजिनांना लागूच नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेलचा पुरवठा बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) चालू, ब्रेक थोडा आणि सोडून सोडून. माझ्या उस्तादाने हे पक्कं होईपर्यंत घाटात स्टिअरिंग दिलं नाही. त्या माणसामुळे मी रोज घरी पोचतो असं मी मानतो. म्हणून कंपनीचं नाव नंतर बघा, उस्ताद कोण आहे ते आधी विचारा.

भिवंडी बायपास

मी स्वतःचे पैसे घालून शिकलो. रीतसर फी भरली, मोटार स्कूलचं फॉर्म ५ चं सर्टिफिकेट मिळालं, हेवी लायसन्स हातात आलं. मग गोदामापासून गोदामापर्यंत फिरलो. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, अनुभव किती? मालकाचंही बरोबर आहे, कर्जावरची गाडी आणि दुसऱ्याचा माल तो नवख्याच्या हातात कसा देईल? शेवटी किन्नर, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस (क्लीनर), म्हणून चढलो. टायर बदलणं, ताडपत्री बांधणं, दोरखंड आवळणं, रात्री डिझेलवर लक्ष ठेवणं. चालवायला मिळायचं ते ड्रायव्हरला झोप आली की, म्हणजे रात्री, थकलेल्या माणसाच्या भरवशावर, कोणी काही न शिकवता. ही पद्धत अजून चालू आहे आणि मला ती धोक्याची वाटते. कंपनी पगार देऊन दिवसाउजेडी शिकवत असेल तर दोन वर्षांचा शब्द द्यायला काय हरकत आहे?

ट्रेलरवाल्याची बायको, दिवा

मी घरचं लिहिते. यांचं ट्रेनिंग चालू होतं तेव्हा हातात मिळायचं ते भाड्यातच जायचं. मी डबे करून घर ओढलं. कोणी सांगत नाही पण ड्रायव्हरच्या कमाईत पगार थोडा आणि ट्रिपचा भत्ता जास्त असतो. शिकाऊ माणसाला भत्ता नाही, किंवा अर्धा. तेव्हा त्या काळासाठी घरात काही महिन्यांची शिल्लक असेल तरच पोराने पाऊल टाकावं. दुसरं, भत्त्यातून काय काय कापतात ते आधी विचारा. जेवण, टोल, पोलीस, पंक्चर? गेटवर गाडी अडकून राहिली तर हॉल्टिंगचे पैसे ड्रायव्हरला मिळतात की नाही? आमच्याकडे यावरून खूप भांडणं झाली, घाटापेक्षा जास्त. ताई, तुमचं पोर घरी नसेल तेव्हा फोन लागला नाही तर घाबरू नका. पण गाडी चालवताना तू फोन उचलायचा नाहीस, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावा.

माहुल टँकर

पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर आहे. आमच्याकडे कंपनीच्या ट्रेनिंगशिवाय पर्यायच नसतो. धोकादायक माल न्यायचा तर तीन दिवसांचा वेगळा कोर्स करून लायसन्सवर तशी नोंद घ्यावी लागते. ते लायसन्स तीन वर्षं चालतं, साध्या मालवाहूचं पाच. नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी वर्ग. भरताना अर्थिंग लावणं, आग लागली तर कुठलं सिलिंडर उचलायचं, गळती झाली तर कुणाला फोन करायचा, हे सगळं पुन्हा पुन्हा करून घेतात. चेंबूर-वडाळ्याच्या गर्दीत टँकर चालवताना आजूबाजूला शाळेच्या बस असतात, म्हणून मला ही उजळणी कधीच जाच वाटली नाही. पण नवख्याने थेट टँकरवर येऊ नये. अर्धा भरलेला टँकर वळणावर आतल्या मालासकट डोलतो, त्याला मुरलेला हात लागतो.

तळोजा ऑफिस

मी वाहतूक कंपनीत फ्लीटचं काम बघतो, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. ड्रायव्हर मिळत नाहीत, गाड्या यार्डात उभ्या राहतात, हप्ते मात्र सुरूच. म्हणून आम्ही शिकवतो. शिकवलेला पोरगा तीन महिन्यांत शेजारच्या ट्रान्सपोर्टकडे हजार-दोन हजार जास्त घेऊन गेला की मालक पुढच्या बॅचला नाही म्हणतो. करार त्यासाठी असतो.

पण करारातही न्याय हवा. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की आकडा लिहिला म्हणून तो सगळा मिळतोच असं नाही, वाजवी भरपाई मिळते, तीही त्या आकड्याच्या आत. उलट करार म्हणजे रद्दी असंही समजू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. माझ्या मते चांगल्या करारात तीन गोष्टी दिसतात. खर्चाचा तपशील लिहिलेला असतो, जसजसे महिने सरतील तशी रक्कम घटत जाते, आणि कंपनीनेच काढून टाकलं तर काही भरावं लागत नाही. यातलं एकही नसेल तर सही करू नका.

नाव नको, डोंबिवली

मला शिकवलं एका ट्रान्सपोर्टरने, नाव लिहीत नाही. दहावीचं मूळ सर्टिफिकेट आणि लायसन्सची मूळ प्रत 'फाइलला' म्हणून ठेवून घेतली. शिकवणं म्हणजे गाड्या धुणं आणि यार्डात इकडची गाडी तिकडे लावणं. लाईनवर पाठवलं तेव्हा रात्रंदिवस, झोप नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते. आम्हाला ते आकडे कोणी ऐकवलेही नाहीत. आजारी पडलो, सोडतो म्हणालो तर कागद अडवले. वकिलाची नोटीस गेल्यावर मिळाले. मामा, मूळ कागद कुणालाही देऊ नका. झेरॉक्सवर सही करून द्या, बस्स.

घाटकोपर टेम्पो

एक मधला रस्ता आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. म्हणजे तुमचा भाचा आजसुद्धा छोटा टेम्पो चालवू शकतो. वाशी मार्केटची पहाट, गल्लीतली डिलिव्हरी, गर्दीच्या वेळची अवजड वाहनबंदी, सगळं कळेल. ही लाईन आपल्याला झेपते का, हे सही करण्याआधी कळलेलं बरं.

मानखुर्दची मुलगी

मलाही हेवी शिकायचंय. कंपनीत विचारलं तर शिकवायची तयारी आहे, पण उस्ताद पुरुष, आणि रात्रीचा मुक्काम गाडीतच. हायवेवर बायकांसाठी शौचालय शोधत किती लांब जायचं? इथे कोणी महिला चालक असेल तर लिहा, मी वाट बघतेय.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीने दिव्याच्या ताईंचं दोनदा वाचलं. तिची धास्ती कमी झाली असं नाही, पण 'आधी करार आणा, मग बोलू' इथवर ती आलीय. येत्या सोमवारी भाचा आणि मी कळंबोलीला जातोय. कराराची प्रत घरी आणायला मिळणार का, उस्ताद कोण आणि किती महिने शेजारी बसणार, शिकताना भत्ता आहे का, आणि लाईनवर देणार ती गाडी नवी की जुनी, एवढं विचारणार. नवी विचारतोय कारण ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. कळंबोलीच्या उन्हात ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून पाहिलंय, म्हणून सांगतो, चैनीची गोष्ट नाही ती. प्रत देणार नसतील तर दुसरी कंपनी बघू, आणि तोवर टेम्पो.

मानखुर्दच्या मुलीसाठी कोणाकडे माहिती असेल तर याच धाग्यात द्या. रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर किंवा गाड्या वाहणाऱ्या ट्रेलरवर कंपनीतून शिकलेलं अजून कोणी लिहिलं नाही, त्यांचीही वाट पाहतोय.