टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्स : कार्बुरेटर बदलल्यावर मूळ किकडाउन रॉड जुळवावा की केबल बसवावी?

मूळ मुद्दा
टॉर्कफ्लाइट हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या, १९६० च्या दशकातल्या डॉज, प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्यांवर मूळ कार्टर कार्बुरेटर काढून होलीचा बसवला, की कार्बुरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारा किकडाउनचा (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडण्याचा) रॉड जुळत नाही. मग ‘सोडून द्या, फक्त किकडाउन जाईल’ असा सल्ला मिळतो, आणि तो घातक आहे. शेवरोलेच्या टीएच-३५० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर सांभाळतो, त्यामुळे तिथे हा सल्ला एक वेळ खपून जातो. टॉर्कफ्लाइटमध्ये मॉड्युलेटर नाही. हाच रॉड गिअरबॉक्समधला थ्रॉटल व्हॉल्व्ह ढकलतो आणि दाब व गिअर बदलण्याची वेळ दोन्ही त्यावर अवलंबून असतात. रॉड सुटा ठेवून गाडी पळवली, तर गिअर लवकर व मऊ पडतात, क्लच घसरतात आणि शेवटी जळतात. म्हणून क्रायस्लरसाठी मिळणारा लिव्हर-अडॅप्टर कार्बुरेटरला लावून मूळ रॉडच जुळवावा, असे माझे ठाम मत आहे.

विरोधी उत्तर
आपले निदान बिनचूक आहे, उपाय मात्र पटत नाही. कार्बुरेटरबरोबर बहुतेक जण त्याखालचा मॅनिफोल्डही उंच घेतात, हेडर (एक्झॉस्टचे वेगळे पाइप) बसवतात, आणि मग रॉडला ना लांबी पुरते ना वाट उरते. तो वाकवून बसवण्यापेक्षा केबल कितीतरी सरळ पडते.

मूळ लेखकाचे उत्तर
वाटेची अडचण केबलने सुटते, भूमितीची सुटत नाही. थ्रॉटलच्या शाफ्टपासून रॉडची वा केबलची पिन किती अंतरावर आहे, यावर गिअरबॉक्सच्या लिव्हरची चाल ठरते. पिन फार जवळ असली तर पेडल तळाला टेकूनही गिअरबॉक्सचा लिव्हर अपुरा सरकतो. फार लांब असली तर लिव्हर आधीच अडतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही. केबल बसवणारे नेमके हेच तपासत नाहीत.

विरोधी उत्तर
तो दोष बसवणाऱ्याचा आहे, केबलचा नव्हे. इंजिन गरम करून, चोक पूर्ण उघडा आणि कार्बुरेटर फास्ट आयडलवरून (थंड इंजिनासाठीच्या वाढीव गतीवरून) उतरलेला असताना आयडलला ढिलाई उरणार नाही अशी केबल लावावी. नंतर इंजिन बंद करून एकाने पेडल तळापर्यंत दाबून धरावे आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सचा लिव्हर हाताने आणखी मागे जातो का ते पाहावे. गेला, तर चाल कमी पडते आहे. ही परीक्षा रॉडलाही चुकलेली नाही.

मूळ लेखकाचे उत्तर
परीक्षा मान्य आहे. मात्र एक्झॉस्टजवळून नेलेल्या केबलचे आतले अस्तर उष्णतेने वितळते आणि ती अडखळू लागते. रॉडला ते भय नाही. इंजिन मूळ मॅनिफोल्डवरच असेल, तर मी आजही रॉडच बसवीन.