तत्त्वज्ञाचा विचार, चळवळीचं पाप : काय वाचू?

बिंदूचौक_कट्टा
मंडळी, मदत पायजे. राजारामपुरीत आमचा रविवारचा वाचनगट असतो. परवा जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेवरनं जाम वाजलं. एक काका म्हणाले, हिटलरला दारूगोळा यानंच पुरवला. दुसरे म्हणाले, तो १९०० सालीच गेला, त्याला कशाला ओढता? पुढच्या रविवारी मांडणी माझ्या गळ्यात पडलीय. जर्मन येत नाही, इंग्रजी चालतं. कुठनं सुरुवात करू?

पोथीनिष्ठ_नाही
'द विल टू पॉवर'पासनं करू नकोस भावा. ते पुस्तक त्यानं छापलेलंच नाही. १८८९ ला तुरिनमध्ये त्याचं मानसिक संतुलन गेलं. पुढं बहीण एलिझाबेथनं कागदपत्रं ताब्यात घेतली, आणि त्यातली टिपणं निवडून १९०१ ला हे पुस्तक निघालं. तिचा नवरा कट्टर ज्यूद्वेष्टा, पॅराग्वेत जर्मन वसाहत काढायला गेलेला. नीत्शेला हा मेहुणा अजिबात खपत नव्हता. १९३५ ला बाई वारल्या, तर अंत्यविधीला खुद्द हिटलर!
तू 'ऑन द जिनिऑलॉजी ऑफ मॉरल्स' घे. तीनच निबंध. पहिल्यात 'सोनेरी केसांचा पशू' भेटेल. तिथं पुस्तक मिटू नकोस, पुढं वाच. तो ज्यांना हे नाव देतो, त्या यादीत जर्मनांबरोबर रोमन, अरब आणि जपानी सरदारही आहेत.

रंकाळ्याकाठची
दादा, ही झाली वकिली. सगळं बहिणीच्या माथी मारून कसं चालेल? 'द अँटिक्राइस्ट'च्या सुरुवातीलाच तो म्हणतो, दुबळे नष्ट व्हावेत, आणि त्यासाठी त्यांना मदतही करावी. हे १८८८ चं, शुद्धीत असताना लिहिलेलं. चळवळीला मजकूर कापावा लागला, की आहे तसाच चालला, एवढं तपासा. ज्यूंच्या बाबतीत नाझींना कात्री लावावी लागली, कारण ज्यूद्वेष्ट्यांना तो शिव्याच घालायचा. दुबळ्यांच्या बाबतीत मात्र कात्री फारशी लागली नसेल. तेवढा दोष त्याच्या खात्यावर मांडायला मला तरी संकोच वाटत नाही.

निवृत्त_मास्तर
ताईंचं पटलं. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचं 'द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज' (१९४५) चाळ. हुकूमशाहीची मुळं तो जुन्या तत्त्वज्ञांत शोधतो. पहिला खंड प्लेटोवर, दुसरा हेगेल आणि मार्क्सवर. पण सगळा गिळू नकोस. नीत्शेचा अभ्यासक वॉल्टर कॉफमननं १९५१ मध्ये दाखवून दिलं, की पॉपरची हेगेलची अवतरणं बरीचशी निवडक उताऱ्यांच्या एका संग्रहातली आहेत. म्हणजे कात्री यांच्याही हातात होतीच की!
आणि जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरला विसरू नको. त्याचं प्रकरण वेगळं. तो हयात होता, फ्रायबुर्ग विद्यापीठाचा प्रमुख होता, १ मे १९३३ ला नाझी पक्षात गेला आणि १९४५ पर्यंत सभासद राहिला. तिथं 'गैरवापर' हा शब्द वापरू नये.

पेठेतला_गडी
मार्क्सचंही बघा राव. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात दहा मागण्या आहेत, शेवटची सगळ्या मुलांना मोफत शिक्षण. सोव्हिएत रशियातल्या छळछावण्या त्याच्या नावावर लिहिणारे हे जमेला धरत नाहीत. आमच्या शाहू महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं ते रशियन क्रांतीच्याच साली, १९१७ ला. त्यासाठी मार्क्सवादी व्हावं लागलं नाही, हेही खरं.

बिंदूचौक_कट्टा
लई भारी. जिनिऑलॉजीचा पहिला निबंध आणि अँटिक्राइस्टची सुरुवातीची पानं, एवढंच घेतो. पॉपर जाड दिसतोय, नंतर. करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करतो. कुणाकडं प्रत असेल तर सांगा, शनिवारपर्यंत परत करतो.

रंकाळ्याकाठची
जिनिऑलॉजी माझ्याकडं आहे. पेन्सिलच्या खुणा आहेत, खोडू नका.