दहा जणांनी जिंकलं, की ब्रिटननं सोडलं?

तर्रीवाला (रविवार, 4 ऑगस्ट 2024)
पॅरिस ऑलिम्पिकमधली हॉकीची भारत-ब्रिटन क्वार्टर फायनल पाहून हात अजून थरथरून राहिले, तरी बोलतो. आज आपण नशिबानं जिंकलो. 60 मिनिटांनंतर 1-1, मग शूटआउटमध्ये 4-2. आनंद मलाही झाला, शेजारचे काका धावत आले इतका ओरडलो. पण दुपारपासून ‘ब्रिटनला धूळ चारली’ वाचून डोकं फिरलं. कोणी कोणाला चारली बे? दुसऱ्या हाफमध्ये बॉल आपल्याच गोलसमोरच्या सर्कलभोवती फिरून राहिला होता. त्यांचा एक पेनल्टी कॉर्नर (फाउलबद्दल मिळणारी गोलची खास संधी) बसला असता तर हेच लोक आता आपल्या कोच फुल्टनला शिव्या देत असते.

महालकर_ताई
जिंकल्यावरही रडणारा माणूस नागपुरातच सापडतो. पेढा खा अन् झोप.

उजवा_बॅक
नशीब कोणाचं म्हणता भाऊ? 17व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड. स्टिक ब्रिटनच्या कॅलननच्या तोंडाला लागली, मान्य. मुद्दाम मारली असं मला तरी रिप्लेत दिसलं नाही. पुढची 40 मिनिटांहून जास्त आपण दहा जण. आणि गेला तो कोण? कॉर्नरला गोललाइनवरून सगळ्यात आधी सुटणारा, ड्रॅगफ्लिकसमोर, म्हणजे स्टिकनं ओढून जोरात फेकलेल्या बॉलसमोर, अंग घालणारा. हरमनप्रीतनं 22व्या मिनिटाला कॉर्नरवर गोल केला तेव्हाही आपण दहाच होतो. नशीब असं असतं काय?

तर्रीवाला
पाचच मिनिटांत त्यांच्या मॉर्टननं बरोबरी केली, ते सांगायचं राहिलं तुमचं. अन् त्यानंतर आपण गोल करायला खेळलोच नाही. गोलकीपर श्रीजेश नसता तर काय झालं असतं, सांगा.

जुना_सेंटरहाफ
‘श्रीजेश नसता तर’ हे काऊन? तो टीममध्येच आहे ना, का भाड्यानं आणला होता?
व्हीएचएच्या (विदर्भ हॉकी असोसिएशन) मैदानावर अन् कामठीत बरीच वर्षं खेळलो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक माणूस कमी झाला की समोरचा बॉल एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवत बसतो, कारण कुठंतरी एक मोकळा सापडणारच. अशा वेळी फॉरवर्डनं पुढं राहायचा मोह सोडून आपल्या गोलपासून 23 मीटरच्या आत यावं लागते. आज सगळे आले. बॉल कडेला ढकलत राहिले, मधला रस्ता दिला नाही. टीव्हीवर हे कंटाळवाणं दिसते, पायाला विचारा.
आता शूटआउट. खेळाडू बॉल घेऊन एकटा 23 मीटरच्या रेषेवरून गोलकीपरवर निघतो, 8 सेकंद मिळतात. त्यांच्या विल्यमसननं बॉल गोलच्या वरून घालवला, ते नशीब, घ्या. पण रोपरला श्रीजेशनं अडवलं, ते नाही. पुढं येऊन जागा आवळायची अन् आधी स्वतः पडायचं नाही, यालाच गोलकीपिंग म्हणतात. आणि आपले हरमनप्रीत, सुखजीत, ललित, राजकुमार, चारही जणांनी गोल केले. चारपैकी चार नशिबानं जात नाहीत. ही श्रीजेशची शेवटची स्पर्धा, हरलो असतो तर आजच त्याचं करिअर संपलं असतं. तो दबाव कोणी मोजला?

ऑरेंज_सिटी
जामठ्यात क्रिकेट असलं की तिकिटासाठी रात्रभर रांगा. हॉकी चार वर्षांतून एकदा आठवते, अन् त्यातही भांडण.

उजवा_बॅक
हा वेगळा धागा काढ बाप्पा.

तर्रीवाला
काका, शूटआउटचं पटलं. 60 मिनिटांचं नाही. चांगला डिफेन्स म्हणजे समोरच्याला चान्सच न देणं. आपण चान्स दिले, ब्रिटननं घालवले. याला पराक्रम म्हटलं की पुढच्या मॅचलाही आपण तेच करतो.

उजवा_बॅक (सोमवार)
रोहिदासवर एका मॅचची बंदी. उद्या जर्मनीविरुद्ध सेमीफायनलला नाही. हॉकी इंडियानं पंचगिरीबद्दल तक्रार केलीय, व्हिडिओ अंपायरच्या निर्णयांबद्दलही. तरी तुम्ही म्हणणार नशीब आपल्या बाजूनं होतं?

तर्रीवाला
कार्ड वाईट, निकाल चांगला. दोन्ही नशीबच. उद्याची भीती वाटते ती यासाठीच.

महालकर_ताई
जर्मनीला टोकियोत 5-4 नं हरवून ब्रॉन्झ आणलंच होतं. शेवटच्या काही सेकंदांतला त्यांचा कॉर्नर श्रीजेशनंच अडवला होता.

तर्रीवाला
हो ताई, पण तेव्हा समोर धावायला रोहिदास होता.