बुडबुडे केवळ अडकलेल्या हवेचे नसतात

साच्यात रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारे द्रव प्लास्टिक) ओतून कीकॅप, म्हणजे कीबोर्डच्या कळांवरच्या टोप्या, बनवताना साचा प्रेशर पॉटमध्ये (हवेचा दाब देता येणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून साधारण ४० पीएसआय (दाबाचे एकक) दाब दिला की बुडबुड्यांचा प्रश्न मिटतो, असे एक मत आहे. ते ओतताना अडकलेल्या हवेपुरते बरोबर आहे. परंतु पॉलियुरेथेन रेझिन वापरणाऱ्यांनी, विशेषतः मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी, ओलाव्याचाही विचार करायला हवा. जे घटक मिसळून हे रेझिन बनते त्यांपैकी एकातील आयसोसायनेट या रसायनाचा पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे बुडबुडा मिश्रणातच जन्मतो.

मागच्या जुलैमध्ये माझी एक संपूर्ण खेप अशीच वाया गेली. वरचा पृष्ठभाग आरशासारखा नितळ होता, पण खाली, कळेखालच्या स्विचची दांडी जिथे बसते त्या अधिक-चिन्हाच्या खाचेभोवती खसखशीएवढ्या पोकळ्या राहिल्या होत्या. चेरी एमएक्स पद्धतीच्या (कीबोर्ड स्विचचा एक प्रचलित प्रकार) दांडीवरील हे चिन्ह जेमतेम ४ मिमीचे असते, त्यामुळे एवढ्याशा पोकळीनेही भोवतालची भिंत दोन-चारदा काढघाल केल्यावर तडकते, आणि असा कॅप गिऱ्हाईकाला विकणे मला मुळीच पटत नाही. तेव्हापासून मी ढवळण्यासाठी लाकडी काड्या वापरणे बंद केले आहे, कारण लाकूड ओल धरून ठेवते. सिलिकॉनचा साचाही ओतण्यापूर्वी गरम करून कोरडा करून घेतो.