मदत हवी आहे: धानोऱ्यातल्या वार्ताहरांसाठी जाणकार माणसं

नमस्कार मंडळी. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या बारा तरुण वार्ताहरांसाठी दोन दिवसांचं शिबिर घेतोय. मुलं जीव ओतून बातम्या पाठवतात, पण वनहक्काचा विषय आला की अडखळतात. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळवणारं मेंढा (लेखा) हे गाव याच तालुक्यातलं, तरी परवा एकाच्या बातमीत ‘ग्रामसभा’ खोडून ‘ग्रामपंचायत’ केलेलं दिसलं. फार वाईट वाटलं. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून होते, मग उपविभागीय आणि जिल्हा समिती.

दाव्याची फाईल समोर ठेवून शिकवणारं कुणी ओळखीचं आहे का? वकील, अभ्यासक, कुणीही. गोंडी येत असेल तर उत्तमच. प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय आम्ही करू. दिवाळीनंतरची कुठलीही तारीख चालेल.